लॅबचा पासवर्ड शिक्षकांना द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याची सुट्टी लागली की शाळाशाळांतून कॉम्प्युटर लॅबची साफसफाई निघते, एएमसीवाले, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार घेतलेली माणसं, येतात, मशीन फॉरमॅट होतात, आणि जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत वर्षभर त्या मशीनवर काय चालणार आणि काय नाही ते ठरून गेलेलं असतं. ते ठरवताना शिकवणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय.

मी परळ भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला कॉम्प्युटर शिकवते. लॅब तिसऱ्या मजल्यावर, २२ मशीन, त्यातली १८-१९ चालू असतात. शाळा दोन अधिवेशनांत भरते, एका मशीनवर दोघी-दोघी बसतात, त्यामुळे आठवडाभरात एकेका कीबोर्डवरून किती जणींचे हात फिरतात ते मोजतच नाही आम्ही. सगळ्यांचं लॉगिन एकच, स्टुडंट नावाचं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड (तो असल्याशिवाय सगळ्यांसाठी काही बसवता येत नाही) मेंटेनन्सच्या माणसाकडे, तो महिन्यातून एकदा येतो, कधी येतही नाही.

दोन वर्षांपूर्वी मी मुलींना रॅकेट शिकवायचं ठरवलं. पेपरात रॅकेट उघडकीस आलं म्हणून रोज बातमी असते त्यातलं नाही, ही एक प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. १९९५ साली अमेरिकेत मथायस फेलायसन यांच्या गटाने हे काम सुरू केलं, तेव्हा तिला पीएलटी स्कीम म्हणायचे, २०१० मध्ये नाव रॅकेट झालं. फुकट आहे. जगात फार लोक वापरत नाहीत, नोकरीच्या जाहिरातीत तर नाव दिसणारच नाही, पण ती शिकवण्यासाठी म्हणून विचार करून बनवलीय. तिच्यात पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर भाषेचा अगदी थोडा भाग उघडा असतो, आणि मुलीचं चुकलं तर येणारा निरोपही तिला जेवढं शिकवलंय तेवढ्यातलाच येतो, न शिकलेल्या गोष्टीचं काहीतरी अगम्य वाक्य अंगावर येत नाही. बेरीज करायची तर कंस उघडा, अधिकचं चिन्ह, तीन, चार, कंस बंद. आकड्यांच्या जागी चित्रंही ठेवता येतात, दोन चित्रं शेजारी ठेव, एकावर एक ठेव, फिरव, असं. वरच्या अर्ध्या खिडकीत लिहायचं, रन दाबलं की खालच्या अर्ध्यात उत्तर येतं आणि उत्तर म्हणून चक्क चित्र येतं.

दिवाळीच्या आधी आठवीच्या एका मुलीने आकाशकंदील केला. मधे ४५ अंशांत फिरवलेला चौरस, वर-खाली त्रिकोण, खाली पाच रंगीत पट्ट्या शेजारी शेजारी, त्या झिरमिळ्या. तिला म्हटलं आता हा सगळा कंदील एका नावाखाली ठेव आणि त्याला मापाचा आकडा दे. दोन तास लागले. मग तिने ५० लिहून बघितलं, छोटा कंदील आला, ५०० लिहिलं आणि कंदिलाने खालची सगळी खिडकी भरून टाकली, ती उठून उभीच राहिली आणि बाजूच्या मशीनवरच्या पोरी बघायला आल्या. गणिताच्या तासाला एक्स म्हणजे काय हे फळ्यावर किती वेळा सांगितलेलं असतं, तो एक्स त्या दिवशी तिने हाताने बदलून बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केलं तर कंदील नाही.

कारण असं की आमच्या मशीनवर फ्रीझ करणारं सॉफ्टवेअर आहे. मशीन बंद करून चालू केलं की ते जसं गोठवलं होतं तसं परत होतं, मधे जे काही केलं ते पुसलं जातं. व्हायरस, गेम, बदललेला वॉलपेपर, सगळं जातं आणि मुलींचं कामही जातं. लॅबसाठी ही सोय वाईट नाही, मी तिच्या विरोधात नाही, पेनड्राईव्हमधून आलेल्या व्हायरसने अख्खी लॅब पंधरा दिवस बंद असलेली मी बघितलीय. पण त्याच सॉफ्टवेअरमध्ये एखादा ड्राईव्ह न गोठवता मोकळा ठेवता येतो. डी ड्राईव्ह मोकळा ठेवला असता, त्यात वर्गवार फोल्डर केले असते तर कंदील राहिला असता. मेंटेनन्सवाल्या दादांना विचारलं तर म्हणाले मॅडम, सांगितलं असतं तर ठेवला असता. बरोबर आहे त्यांचं. पण मला कुणी विचारलं नव्हतं आणि असा काही पर्याय असतो हेही मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता भाषा बसवण्याची गोष्ट सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

पहिल्यांदा मी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं की एवढं सॉफ्टवेअर सगळ्या मशीनवर टाका. जो मुलगा आला होता त्याने साईटवर बघितलं, दोन प्रकार दिसले, एक मोठा आणि एक मिनिमल म्हणून छोटा. शाळेचं नेट कसं असतं सगळ्यांना माहितीय, त्याने छोटा उतरवला, चालू असलेल्या सगळ्या मशीनवर टाकला, सही घेतली आणि गेला. मी तासाला मुलींना घेऊन गेले तर काळी खिडकी उघडते आणि त्यात कर्सर लुकलुकतोय, एवढंच. त्या छोट्या प्रकारात मुलींसाठीचा एडिटर, म्हणजे लिहायची ती खिडकीच नसते, चित्रांची लायब्ररीही नसते. मुलगा आळशी नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नाही की हे कशासाठी हवंय. पुढचा महिनाभर तो आला नाही आणि मी फळ्यावर कंस काढत बसले.

दुसऱ्यांदा मी स्वतः उभी राहिले. पूर्ण प्रकार बसला. चार मशीन जुनी ३२ बिटची निघाली, त्यांच्यासाठी वेगळी फाईल असते, ती घेतली. मग त्याच्यावर मी माझं एक छोटं पॅकेज, म्हणजे भाषेला जोडायची भर, टाकलं. रॅकेटमध्ये नावं मराठीत देता येतात, देवनागरीत, हे फार लोकांना माहीत नाही. म्हणून मी सुट्टीत बसून चित्रांच्या कमांडना मराठी नावं दिली होती, चौरस, त्रिकोण, वर्तुळ, फिरव, शेजारी, वर. चूक झाली की निरोप इंग्रजीतच येतो, ते मला जमलेलं नाही, पण लिहायचं तरी मराठीत. हे पॅकेज मी टीचर लॉगिनमधून टाकलं, चालवून बघितलं, छान चाललं, सगळ्या मशीनवर तेच केलं, संध्याकाळचे साडेसात वाजले. सकाळी मुलींनी स्टुडंट लॉगिनमधून उघडलं तर एकाही मशीनवर पॅकेज सापडेना, लाल अक्षरात निरोप की असं काही इथे नाही.

घरी येऊन दोन रात्री वाचलं तेव्हा कळलं. पॅकेज टाकताना वेगळं काही सांगितलं नाही तर रॅकेट ते फक्त टाकणाऱ्याच्या नावावर टाकतं. म्हणजे टीचरच्या फोल्डरमध्ये. स्टुडंटला ते दिसतच नाही. सगळ्यांसाठी टाकायचं तर तसं स्पष्ट सांगावं लागतं, मग ते मुख्य फोल्डरमध्ये जातं, आणि तिथे लिहायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. म्हणजे परत तोच माणूस, परत पुढचा महिना.

आम्ही चाळीत वाढलेली माणसं, मला हे पाण्यासारखं वाटतं. प्रत्येक बिऱ्हाडाने गॅलरीत आपापलं पिंप भरून ठेवायचं ही एक पद्धत आणि गच्चीवर एक टाकी, सगळ्यांच्या नळाला तेच पाणी ही दुसरी. घरच्या कॉम्प्युटरवर पिंप चालतं, माणूस एक, मशीन एक. लॅबमध्ये पिंपं ठेवायला गेलं तर जागा संपते, प्रत्येक लॉगिनमागे तेच ते परत उतरतं, नेट दमतं, आणि शेवटी ज्याचं पिंप त्याचं पाणी, दुसऱ्याला थेंब नाही. आजकाल बऱ्याच भाषा घरच्या कॉम्प्युटरचा विचार करून बसतात, न सांगता पिंप भरतात. हे फक्त रॅकेटचं नाही. लिनक्सवर हॅस्केल ही भाषा तिच्या नेहमीच्या इन्स्टॉलरने बसवायला जा, तेही गुपचूप एकाच लॉगिनच्या घरात जाऊन बसतं आणि जागाही भरपूर खातं. लॅबला टाकी लागते, आणि टाकीचा वॉल उघडायची चावी ज्याच्याकडे, तोच ठरवतो चाळीत पाणी येणार का.

टाकी भरल्यावरही एक गोष्ट राहिली होती. रॅकेटचा एडिटर पहिल्यांदा उघडला की कुठली पायरी हवी ते निवडावं लागतं आणि ते तो त्या लॉगिनपुरतं लक्षात ठेवतो. मशीन फ्रीझ केलेलं, म्हणजे त्याचं लक्षात ठेवणं रोज रात्री पुसलं जाणार. ३५ मिनिटांच्या तासातली आठ-दहा मिनिटं नुसती मेनू उघडा, भाषा निवडा, पहिली पायरी, ओके, यात जायची, आणि एखादी मुलगी चुकून तिसरी पायरी निवडायची मग तिला वेगळेच निरोप यायचे आणि मी पंधरा मिनिटं शोधायची काय बिघडलंय ते. यावर उपाय अगदी साधा आहे. गोठवायच्या आधी स्टुडंट लॉगिनमध्ये जायचं, एकदा उघडायचं, पायरी निवडायची, बंद करायचं, मग गोठवायचं. किंवा त्या पायरीत सेव्ह केलेली एक फाईल डेस्कटॉपवर ठेवायची, फाईलच्या वरच्या तीन ओळींत पायरीची नोंद असते, त्यामुळे ती उघडली की पायरी आपोआप येते. हे कळायला मला अख्खी सहामाही लागली. माझ्यासारखं काम करणारी दुसरी कुणी बाई घाटकोपरला किंवा विरारला असेल तर तिलाही परत पहिल्यापासून सहामाही लागणार, कारण हे कुठे मराठीत लिहून ठेवलेलं नाही.

या सगळ्यातून मला एक कोडं सुटलं, सी++ भाषा शिकवायचं जुनं सॉफ्टवेअर टर्बो सी++ आपल्या लॅबमधून अजून का जात नाही याचं. निळ्या स्क्रीनचा तो टर्बो १९९० च्या सुमारास आला, सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड ठरलं १९९८ साली, म्हणजे टर्बोत शिकलेलं बरंच काही आजच्या कंपायलरमध्ये (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करणारं सॉफ्टवेअर) जसंच्या तसं चालत नाही. नव्या ६४ बिटच्या विंडोजवर तर तो सरळ उघडतही नाही, डॉसबॉक्स नावाच्या, जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून चालवावा लागतो. तरीही आपल्याकडे किती लॅबमध्ये अजून तोच आहे. मी वर्षानुवर्षं समजत होते की शिक्षक नवीन शिकायला तयार नाहीत म्हणून. आता वाटतं कारण दुसरंच आहे, टर्बो म्हणजे एक फोल्डर, पेनड्राईव्हमधून सी ड्राईव्हवर टाकला की झालं. नेट नको, लॉगिन नको, कुठल्याही मुलाने उघडला तरी तसाच उघडतो. जी भाषा लॅबमध्ये सहज बसते तीच मुलं शिकतात, आणि कुठली शिकवावी याचा विचार कुणी केलेला नसला तरी चालून जातं. मी स्वतः शाळेत लोगो शिकले, १९६७ ची भाषा, ते कासव पन्नास पावलं पुढे न्यायचं, नव्वद अंश वळवायचं. मला कॉम्प्युटर आवडायला लागला तो त्या कासवामुळे. आमच्या लॅबमध्ये ते होतं कारण आमच्या सरांनी स्वतः फ्लॉपी आणून ते मशीनमध्ये घातलं होतं. तेव्हा त्यांना कुणाचा पासवर्ड मागावा लागला नव्हता.

पालक विचारतात, पायथन का नाही शिकवत. विचारणं रास्त आहे. पायथनही शिकवते मी, नववीच्या दुसऱ्या सहामाहीत, आणि रॅकेट केलेल्या मुली तिथे लवकर पुढे जातात असं माझ्या वर्गापुरतं दिसलंय. पण तुम्हाला रॅकेट पटलं नाही तरी चालेल. उद्या कुणा शिक्षकाला प्रोलॉग नावाची भाषा शिकवावीशी वाटेल, कुणाला लोगो परत आणावंसं वाटेल, त्यांनाही याच दारात उभं राहावं लागणार आहे.

मोठ्या प्रमाणावर हे होऊ शकतं याची उदाहरणं आहेत. केरळात आयटी अ‍ॅट स्कूल नावाचा प्रकल्प २००१ पासून चालू झाला, २०१७ मध्ये त्याचीच काईट ही सरकारी कंपनी झाली, आणि त्यांनी शाळांसाठी लिनक्सची (विंडोजच्या जागी चालणारी फुकट यंत्रणा) एक आवृत्तीच तयार करून दिलीय ज्यात शिकवायला लागणारी सॉफ्टवेअर आधीच बसवलेली असतात. शिक्षकाने मशीनमध्ये ती घातली की झालं, गावोगावी तेच, पुस्तकात आहे तेच स्क्रीनवर. आणि आपल्या मुंबईत, पवईला आयआयटीमध्ये, फॉसी प्रकल्प आहे, त्यांनी कॉलेजांच्या प्रयोगशाळा महागड्या सॉफ्टवेअरवरून सायलॅबसारख्या आकडेमोडीच्या फुकट सॉफ्टवेअरवर आणायला मदत करायचं काम चालवलंय, प्रॅक्टिकल्स नव्याने लिहून देण्यासकट. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत आणि नेट नसलं तरी चालतात. आपल्याकडे डोकं कमी नाही. शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबपर्यंत ते पोचत नाही एवढंच.

मेंटेनन्सवाल्यांची आणि मुख्याध्यापकांची बाजूही मांडते. पासवर्ड सगळ्यांना दिला की कुणीतरी काहीतरी टाकणार, लॅब बंद पडणार, आणि ऐकून घ्यायला लागणार ते मुख्याध्यापकांना, ही भीती खोटी नाही. पूर्वी आमच्याकडे असं झालेलं आहे. म्हणून पासवर्ड वाटत सुटा असं मी म्हणत नाही. लॅबचा विषय जो शिकवतो त्या एका शिक्षकाकडे तो असावा, सीलबंद पाकिटात दुसरी प्रत मुख्याध्यापकांकडे, आणि लॅबमध्ये एक साधं रजिस्टर असावं ज्यात काय टाकलं, कुठलं व्हर्जन, कुणी, कधी, हे लिहिलं जाईल. आमच्या स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलेंडरची नोंद ठेवतात शाळेत, कॉम्प्युटरची का नाही ठेवता येणार. व्हर्जन सगळ्या मशीनवर एकच हवं, नाहीतर सात नंबरवर चाललेलं बारा नंबरवर चालत नाही आणि मुलीला वाटतं आपलंच चुकलं.

आणि एएमसीच्या करारात एक ओळ वाढवा. एवढंच की गोठवण्याच्या आधी आठ दिवस शिक्षकांकडून यादी घ्यायची, बसवून झालं की स्टुडंट लॉगिनमधून, अ‍ॅडमिनमधून नव्हे, शिक्षकासमोर चालवून दाखवायचं, आणि मगच गोठवायचं आणि सही घ्यायची. माझ्या दोन वर्षांतले तीन महिने या एका ओळीने वाचले असते. दोन-तीन मशीन शनिवारी दुपारी बसून तयार करायची, तीच प्रत बाकीच्यांवर घालायची, त्यासाठी नेटही एकदाच लागतं. इन्स्टॉलर एका पेनड्राईव्हवर ठेवून द्यायचा, तो पेनड्राईव्ह लॅबच्या कपाटातच राहील, घरी न्यायचा नाही. जास्तीचा पैसा यात कुठेही नाही.

यंदा आमच्या मुख्याध्यापिकांनी हे ऐकून घेतलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि मेंटेनन्सवाले दादा दोन दिवस लॅबमध्ये बसलो, त्यांनी पासवर्ड टाकला, मी वाचून सांगत गेले, पॅकेज सगळ्यांसाठी म्हणून बसवलं, डी ड्राईव्ह मोकळा ठेवला, स्टुडंट लॉगिनमध्ये जाऊन प्रत्येक मशीनवर चौरस काढून बघितला. १९ मशीनवर आला. तीन मशीनच्या हार्ड डिस्क गेल्यात, त्या बदलून मिळायच्या आहेत. दादा जाताना म्हणाले, मॅडम हा कागद मला पण द्या, माझ्याकडे अजून शाळा आहेत.

तो कागद म्हणजे मी लिहिलेल्या दोन पानी पायऱ्या आहेत, मराठीत, कुठलं बटण कधी दाबायचं इथपासून. ज्या शाळेला हव्या असतील त्यांना झेरॉक्स काढून पाठवेन, माझा पत्ता आणि फोन नंबर तुमच्या कार्यालयात दिलेला आहे, विचारणाऱ्या शिक्षकांना जरूर द्यावा. लॅब गोठवायच्या आधी विचारलं तर जास्त बरं.

आपली,
एक कॉम्प्युटर शिक्षिका, परळ, मुंबई